छपरावरचं ऊन : कॅम्परच्या सोलरबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी कॅम्परच्या ओट्याबद्दल आणि सिंकबद्दल लिहिलं होतं, त्यावर जेवढे मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त छपराबद्दलचेच निघाले. सोलर किती वॉटचं घेऊ, होल पाडू की नको, गळेल का, एसी चालेल का. म्हणून या वेळी ओटा, टॉयलेट सगळं बाजूला ठेवून फक्त सोलर घेते. नावं छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न (कोथरूड, पुणे) : ताई, जुनी ट्रॅव्हलर घेतलीये, कॅम्पर करतोय. आम्ही दोघं आणि दोन मुलं. ५० लिटरचा बारा व्होल्टचा फ्रिज, दोन पंखे, लाइट, माझा लॅपटॉप, मोबाइल आणि पाण्याचा छोटा पंप एवढंच आहे. सोलरवाला म्हणतोय ५४० वॉटची दोन पॅनल टाका, कमी पडायला नको. एवढं लागतं का?

नाही लागत. सोलरवाल्याची चूक नाही हो, तो घरांच्या गच्चीवर बसवतो, तिथे जागा पडलेली असते आणि उरलेली वीज मीटरमधून बाहेर जाते. गाडीत उरलेली वीज कुठेच जात नाही, बॅटरी भरली की पॅनल छपरावर नुसतं उन्हात बसून राहतं.

मी प्रत्येकाला एकच सांगते, पॅनलची चौकशी करायच्या आधी वही काढा. किराणा भरताना आपण घरात माणसं किती ते बघतो ना, तसंच. तुमचीच वही मांडते. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४५ ते ५० वॉट खातो आणि गरमीच्या दिवसात दिवसाचे दहा तास तरी चालतो, म्हणजे ५०० वॉट-अवर (वॉट गुणिले तास, हजार झाले की एक युनिट). दोन पंखे २५ वॉटचे, आठ तास, ४००. चार एलईडी लाइट पाच वॉटचे चार तास, ८०. लॅपटॉप ६० वॉट, पाच तास काम केलंत तर ३००. चार मोबाइलचे ६० धरा, पंपाचे २०. झाले १३६०. आता लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर चालू ठेवणार, तो स्वतःच काही काम न करता १५ वॉट खातो, पाच तासांचे ७५. एकूण १४३५, म्हणजे दिवसाला दीड युनिटही नाही.

(इन्व्हर्टरचा हा हिशोब लोक हमखास विसरतात. चोवीस तास चालू ठेवलात तर त्याचेच ३६० होतात, फ्रिजच्या पाऊणपटीच्या जवळ जातो. काम झालं की बटण बंद करायची सवय लावा, मुलांना पण.)

आता ऊन. महाराष्ट्रात जानेवारी ते मे या काळात दिवसाला साधारण पाच तासांचं पूर्ण ऊन धरायचं. पण पॅनल छपरावर आडवं झोपलेलं, वर धूळ, खाली तापलेला पत्रा, त्यामुळे कंपनी जे वॉट छापते त्याच्या सत्तर टक्के मिळाले तरी मी खूश असते. म्हणजे एका वॉटमागे दिवसाला साडेतीन वॉट-अवर. १४३५ भागिले साडेतीन, ४१० वॉट. तुमचं काम ५४० च्या एकाच पॅनलवर होतंय आणि वर थोडं शिल्लक पण राहतंय. मे महिन्यात तर पुण्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवसात झोपलेलं पॅनल काही गमावत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बारालाही जेमतेम ४८ अंशांवर असतो, तेव्हा कमी मिळणार, पण तेव्हा पंखे पण बंद असतात.

तरी एक बघा. ५४० चं पॅनल साडेसात फूट बाय पावणेचार फूट असतं आणि वजन २८ किलोच्या आसपास. छपरावर व्हेंटचा पंखा बसवणार असाल, शिडी असेल, कॅरिअर असेल, तर ते मध्ये येतं. मी काय केलं होतं, रद्दीचे पेपर चिकटपट्टीनं जोडून पॅनलच्या मापाचा कागद केला, गाडी सोसायटीच्या पार्किंगमधून बाहेर उन्हात काढली आणि तो कागद छपरावर ठेवून सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला शिडीवर चढून बघितलं की सावली कुठे पडतेय. वॉचमन विचारायला लागला मॅडम काय शोधताय. पण त्या कागदामुळे कळलं की व्हेंटच्या झाकणाची सावली चार वाजता सरळ पॅनलच्या मधोमध येते. झाकण उघडं असताना तर जास्तच. मग व्हेंट मागे सरकवला, तेव्हा होल पाडलेलं नव्हतं म्हणून बरं. हाताएवढी सावली पडली तरी मोठ्या पॅनलचा एक तृतीयांश भाग झोपतो, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. म्हणून जागा अडचणीची असेल तर एका मोठ्याऐवजी १८० ची तीन घ्या आणि पॅरलल जोडा, एकावर सावली आली तरी बाकीची दोन काम करतील. मात्र ती बारा व्होल्टवाली असतील तर वायर जाड लागेल.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची २०० अँपिअर-अवर घ्या, अडीच युनिट होतात, दीड दिवस ढगाळ गेला तरी निभतं. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी टाकू नका, पन्नास किलोच्या वर एकेक जाते आणि अर्ध्याच्या खाली उतरवली की आयुष्य जातं.

आणि पावसाळा राहिलाच. जुलैत महाबळेश्वरला जाऊन सोलरवर राहायचं म्हणाल तर ते होणार नाही, दाट ढगात पॅनल पाचव्या हिश्शावर येतं, धुक्यात त्याहून खाली. त्यासाठी गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्ज करणारा डीसी टू डीसी चार्जर बसवा, ३० अँपिअरचा. तो तासाला ४०० वॉट-अवरच्या जवळ देतो. पुणे ते महाबळेश्वर तीन तास गाडी चालली की तुमची दिवसाची गरज जवळपास भागली. दुसऱ्या ५४० च्या पैशात हा चार्जर घ्या, तो रात्री पण चालतो.

प्रश्न (कोल्हापूर) : घरच्या गच्चीवरचं ३३० वॉटचं पॅनल काढून व्हॅनवर टाकलं, कंट्रोलर दुकानदारानं दिला तो स्वस्तातला. भर दुपारी पण ८ अँपिअरच्या वर जात नाही. पॅनल खराब झालंय का?

पॅनल ठणठणीत आहे, कंट्रोलर बदला, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारी ती डबी. तुमचा पीडब्ल्यूएम प्रकारचा आहे ना, डबीवर बघा. हे घरचं पॅनल साधारण ३७ व्होल्टला चालतं आणि तुमची बॅटरी १३ ला. पीडब्ल्यूएम काय करतो, पॅनलला सरळ बॅटरीला जोडून टाकतो, म्हणजे अँपिअर तेवढेच राहतात आणि मधले चोवीस व्होल्ट वाया. ८ गुणिले १३, १०४ वॉट. ३३० चं पॅनल घेऊन शंभरचं काम. उसाच्या चरकातून एकदाच कांडं काढून रसाळ चिपाड फेकून दिल्यासारखं आहे हे, कोल्हापूरकरांना अजून काय सांगू.

एमपीपीटी कंट्रोलर घ्या, १०० व्होल्ट ३० अँपिअरचा. तो वरचे व्होल्ट उतरवून त्याचे अँपिअर करून देतो, त्याच पॅनलमधून दुपारी १८-१९ अँपिअर दिसायला लागतील. खरेदी करताना डबीवर एमपीपीटी छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका, आठशे रुपयात मिळणाऱ्या कित्येक डब्यांवर ते नुसतं छापलेलंच असतं. हातात घेऊन बघा, खऱ्याला वजन असतं, आत कॉइल असते आणि मागे जाड ॲल्युमिनिअमचा हीटसिंक असतो.

कंट्रोलर बॅटरीच्या जवळ बसवा, वायर आखूड आणि जाड, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागून फ्यूज. फ्यूज कंट्रोलरपाशी नको, बॅटरीपाशी, कारण शॉर्ट झाला तर आग लावण्याएवढा करंट बॅटरीतून येतो, पॅनलमधून नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : ताई, पत्र्याला होल पाडायची भीती वाटते. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. टेपनं चिकटवलेलं चालेल का? आणि होल पाडलंच तर गळू नये म्हणून काय लावायचं?

तुमची भीती बरोबर आहे आणि मी ती भोगलेली आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या गाडीवर मी चार पायांचं पॅनल स्वतः बसवलं होतं. होलं पाडली, स्क्रू मारले आणि वरून बाथरूमला लावतात ते सिलिकॉन भरपूर थापलं. मोठ्या समाधानानं आंबोलीला गेलो जुलैत. दुसऱ्या रात्री मुलगी म्हणाली आई माझ्या उशीवर पाणी आहे. आधी वाटलं बाटली सांडली. मग टॉर्च मारला तर सीलिंगच्या प्लायला तपकिरी वर्तुळ आलेलं, मध्ये थेंब धरलेला. गंमत म्हणजे स्क्रू तिथे नव्हताच, तो दीड फूट पुढे होता, पाणी पत्र्याच्या खालून वाट काढत काढत इन्सुलेशन भिजवून सोयीच्या ठिकाणी उतरलं होतं. घरी येऊन सगळं उचकटलं तर त्या सिलिकॉनखाली पत्र्याला गंज. ते जे व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असतं ना, त्यातून सुकताना ॲसिड निघतं, उघड्या पत्र्यावर ते लावणं म्हणजे गंजाला आमंत्रण. वर त्याचा अंश राहिला की त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही आणि रंग पण धरत नाही, ते खरवडण्यात दोन रविवार गेले. दोष कुणालाच नाही, माझाच शहाणपणा.

आता काय करायचं. सगळ्यात आधी गाडीच्या छपराला बाजूनं पन्हळ आहे का बघा. असेल तर तिला पकडणारे कॅरिअरचे पाय मिळतात, त्यावर आडव्या ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर पॅनल. फक्त वायरचं एक होल, बाकी एकही नाही. कोकणात मी हेच सुचवीन.

पन्हळ नसेल तर होल. पण नुसत्या पत्र्यात नाही, पत्र्याखाली आडव्या रिब (आधाराच्या पट्ट्या) असतात तिथे. बोटानं वाजवत गेलात की आवाज बदलतो, पोकळ ढब् ढब् येतं तो पत्रा आणि टणक येतं ती रिब. आतलं सीलिंग लावलेलं नसेल तर हे काम आत्ताच करा, आतून पट्टी देऊन बोल्ट कसता येतो, सीलिंग झाल्यावर चाचपडत बसावं लागतं. होल पाडलं की कडा घासा, लोखंडाचा कीस एकूण एक उचला, राहिलेला एक कण पण आठवड्यात गंजाचा ठिपका करतो. मग झिंक प्राइमर, रंग, तो सुकू द्या. ब्रॅकेटखाली ब्युटिल टेप (रबरासारखी चिकट पट्टी), बोल्टवर आणि कडेनं पीयू सीलंट. हे पीयू सीलंट बस बॉडी बांधणाऱ्यांकडे मिळतं, काचा त्यानंच बसवतात, तेव्हा ते काय वापरतात ते त्यांनाच विचारा, बाथरूमच्या दुकानात नको.

बोल्ट स्टेनलेसचे, पण ॲल्युमिनिअमच्या पट्टीला थेट टेकू देऊ नका, मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की ॲल्युमिनिअम पांढरं पडून भुसभुशीत होतं, तुमच्याकडे खिडक्यांना बघितलं असेलच.

टेपबद्दल. व्हीएचबी नावाची जी जाड टेप येते ती भक्कम असते हे खरं, पण ती रंगाला चिकटते आणि रंग पत्र्याला. गाडी जुनी असेल आणि तिचा रंग फुगला असेल तर टेप शाबूत आणि पॅनल रस्त्यावर. ताशी १०० च्या वेगाला वारा दर चौरस मीटरवर साधारण ४७ किलोचा जोर देतो, मोठ्या पॅनलवर तो सव्वाशे किलोपर्यंत जातो, आणि पुढून हवा खाली शिरली तर तो वर उचलायला बघतो. मागे दुचाकीवर कुणीतरी असतं. म्हणून टेप चालेल, पण जोडीला बोल्ट हवा. पुढच्या कडेला एक तिरकी पट्टी लावा म्हणजे वारा वरून जाईल, बाजू आणि मागची कड मात्र मोकळी ठेवा. पॅनल आणि पत्रा यात दोन बोटं तरी अंतर लागतं, खालून हवा खेळली नाही तर पॅनल तापतं आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के पॉवर जाते. पॅनल ६५ अंशांवर गेलं, जे एप्रिलात सहज जातं, की पंधरा टक्के गेले.

वायर आत घेताना तिला आधी खाली झोळ द्या आणि मग वर चढवून आत घ्या, पाणी झोळाच्या टोकाला येऊन टपकतं, कौलांच्या पागोळीसारखं. ग्लँडचं, म्हणजे वायरच्या होलावर बसणाऱ्या पाणीबंद टोपीचं, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला.

प्रश्न (फिनिक्स, ॲरिझोना) : नमस्कार ताई, आम्ही इथे सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय, २४ फुटी. विकणारा म्हणाला ४०० वॉटचं सोलर पॅकेज टाकलं की एसी पण चालेल. डिसेंबरात क्वार्ट्झसाइटला (इथलंच वाळवंटातलं गाव) हुकअपशिवाय, म्हणजे बाहेरचं वीज-पाण्याचं कनेक्शन न घेता, आठ दिवस राहायचा प्लॅन आहे, मित्रमंडळी आहेत. जमेल का?

राहायचं जमेल, एसीचं विसरा. छपरावरचा १३,५०० बीटीयूचा एसी चौदाशे-पंधराशे वॉट ओढतो. डिसेंबरात ४०० वॉटच्या आडव्या पॅनलमधून तुम्हाला तिथे दिवसाला ९०० वॉट-अवरच्या आसपास मिळतील. म्हणजे दिवसभराची कमाई एसी चाळीस मिनिटांत खाणार. अर्थात डिसेंबरात तिथे एसी लागतोच कशाला.

तुम्हाला लागणार आहे ती रात्रीची हीटिंग. आणि इथे नवीन लोक फसतात. फर्नेस (ट्रेलरचा हीटर) प्रोपेन गॅसवर चालतो म्हणून विजेचा विचारच करत नाहीत, पण त्याचा ब्लोअर बारा व्होल्टवर सात-आठ अँपिअर खातो. वाळवंटातली रात्र, मिळून सहा तास चालला तरी ५५० वॉट-अवर गेले. सकाळी सहाला फर्नेस बंद पडतो आणि सगळे थंडीनं उठून गॅस संपला म्हणून सिलिंडर बघायला बाहेर येतात.

तुमच्या जागी मी पॅनल वाढवण्याआधी ती तिरकी करीन. क्वार्ट्झसाइटचा अक्षांश ३३ अंशांच्या वर, डिसेंबरच्या अखेरीला दुपारी बाराला सूर्य फक्त ३३ अंश वर येतो. आडव्या पॅनलवर थेट उन्हाचा जेमतेम ५४ टक्के भाग पडतो. तेच पॅनल दक्षिणेकडे उचलून सूर्यासमोर धरलं की दुपारची कमाई पावणेदोनपटीच्या जवळ जाते. त्यासाठी टिल्ट होणारे ॲल्युमिनिअमचे पाय मिळतात. ट्रेलर उभा करताना लांब बाजू दक्षिणेकडे येईल असा लावा, नाहीतर पाय ज्या बाजूला उचलतात ती बाजूच चुकीची निघते. आठ दिवस एका जागी आहात म्हणून हे परवडतं, रोज जागा बदलणार असाल तर कोण शिडीवर चढणार. आणि निघताना पाय खाली पाडलेत ना, हे ट्रेलर गाडीला जोडण्याआधी बघायचं, चेकलिस्टच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा.

बसवताना, तुमच्याकडच्या ट्रेलरचं छप्पर बहुतेक वेळा पत्र्याचं नसतं, प्लायवर रबराचं किंवा टीपीओ नावाच्या प्लास्टिकचं कातडं चिकटवलेलं असतं. मी वर रत्नागिरीकरांना सांगितलेलं सीलंट तिथे लावू नका. त्या कातड्याला चालणारं, आपोआप पसरणारं लॅप सीलंट वेगळं येतं, ते स्क्रूच्या डोक्यावर ओतायचं. फक्त टेपवर पॅनल ठेवायचं नाही, कारण टेप कातड्याला धरेल आणि कातडं प्लायपासून सुटेल. स्क्रू खालच्या राफ्टरमध्ये (छपराच्या आडव्या तुळयांत) गेले पाहिजेत.

प्रश्न (सातारा) : हे वाकणारे पातळ पॅनल कसे? आणि आरटीओ काही म्हणतं का?

पातळवाले हलके, १०० वॉटचं दोन-तीन किलोत येतं, काचेचं सात-आठ किलो असतं. फायबरच्या नाजूक किंवा गोल छपरावर दुसरा इलाज नसेल तर घ्या. पण ते सरळ छपराला चिकटवतात, खाली हवा नाही, तापतात आणि काचेच्या पॅनलच्या मानानं लवकर थकतात. मी घेणार नाही.

आरटीओचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, कंपनीनं दिलेल्या मूळ स्वरूपात बदल करून आरसीवरची माहिती बदलेल असं काही करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं पण जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलंय. नुसत्या पॅनलपेक्षा तुमची सीट काढून बेड टाकणं हा जास्त मोठा विषय आहे. मोटार कॅरव्हानसाठी एआयएस १२४ हे वेगळं स्टँडर्ड आहे, बॉडी करून देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा की तू त्याप्रमाणे करून कागद देणार का. तो आधी हसला तर दुसरीकडे जा.

प्रश्न (नाशिक) : ३३० ची दोन पॅनल सिरीजमध्ये, कंट्रोलर १०० व्होल्टचा, गेले वर्षभर मस्त चाललंय. ऑक्टोबरात लडाखला निघालोय. काही बदल करायला हवा का?

हो, निघण्याआधी. तुमच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही जोडलेलं नसताना येतं ते) मागच्या स्टिकरवर बघा, ४६ च्या आसपास असेल. दोन सिरीजमध्ये म्हणजे ९२, नाशकात काही प्रॉब्लेम नाही. पण हे व्होल्ट २५ अंशांवर मोजलेले असतात आणि थंडीत वाढतात, अंशाला ०.३ टक्के. त्सो मोरिरी सरोवराच्या काठावर सकाळी उणे दहा असलं आणि डोंगरामागून ऊन एकदम पॅनलवर आलं, तर ३५ अंशांचे साडेदहा टक्के चढले, ९२ चे १०१ च्या वर. १०० चा कंट्रोलर तिथेच बसला, आणि तिथे दुसरा मिळायचा नाही. पॅनल पॅरलल करून घ्या, दोन वाय कनेक्टर लागतात, अर्ध्या तासाचं काम आहे. नाहीतर १५० व्होल्टचा कंट्रोलर.

दुसरं म्हणजे लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते, आत कायमचं नुकसान होतं. वापरलेली चालते, चार्जिंग नाही. बीएमएसमध्ये (बॅटरीच्या आतल्या संरक्षण सर्किटमध्ये) लो टेंपरेचर कट-ऑफ, म्हणजे थंडीत चार्जिंग आपोआप बंद करायची सोय, आहे का ते बॅटरीवाल्याकडून लेखी घ्या. आणि बॅटरी मागच्या डिकीत किंवा चासीखाली असेल तर आत आणा, बेडच्या खाली, जाड थर्माकोलच्या पेटीत. सकाळी उठल्या उठल्या कट-ऑफ झालेली दिसली तर घाबरू नका, चहा करा, गाडी आतून गरम होऊ द्या, दहाच्या सुमारास ती आपणहून घ्यायला लागते.